पुट अप विथचा आठवडा

रशीद मास्तरांकडं इंग्रजी शिकायला जायचं म्हणजे सकाळी आबांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून मुकुंदवाडीहून शहरात यायचं, दिवसभर शाळा करायची, आणि शाळा सुटली की शहागंजच्या मागच्या बोळात मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसायचं. कचेरी सुटली की आबा मला तिथून उचलत. कॅरियरवर मायनं गोधडीचा तुकडा बांधून दिला होता, तरी घरी पोचेपर्यंत बूड शेकून निघायचं. आज मुकुंदवाडीला गाव म्हटलं तर लोक हसतील. परवा रिक्षावाला मला म्हणाला, आजी, हे तर ऐन शहर आहे. असेल बाबा. मला मात्र त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची ज्वारीच दिसते, आणि आबांच्या पाठीवरचा घामाचा डाग. शहराचंही नाव आता बदललंय; माझ्या तोंडात जुनं येतं, मग नवं येतं, आणि नातू दोन्हीला हसतो.

आबा कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, सगळा कारभार उर्दूत चाले, आणि आबांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की साहेब लोक महत्त्वाचे कागद त्यांच्याकडूनच लिहून घेत. आम्ही मुकुंदवाडीचे कुणबी, चार पिढ्या नांगरामागं गेलेल्या. आबा पहिलेच शिकलेले, आणि तेही उर्दूतून. ॲक्शननंतर दोनेक वर्षांत कचेरीचा रंगच पालटला. मराठी आली, इंग्रजी आली, नवे साहेब आले, आणि आबा आपल्याच टेबलाशी परक्यासारखे बसू लागले. मराठी लिहिताना ते अडखळत आणि इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. उर्दूच्या जुन्या वह्या त्यांनी एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या, आणि त्यानंतर घरात त्या भाषेचं कुणी नाव काढलं नाही. मी शाळेत गेले तेव्हा एक वर्ष उर्दू होती, मग तीही गेली. अलिफ बेच्या पुढं माझी गाडी सरकलीच नाही. “माझ्यासारखं आंधळं नाय व्हायचं माझ्या पोरीनं,” एवढं म्हणून आबांनी मला मास्तरांच्या ओसरीवर नेऊन बसवलं. दोघं एकाच मदरशात एका बाकावर शिकलेले.

मास्तर म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. नाकावर चष्मा, खांद्यावर कायम एक मळका रुमाल. सरकारी शाळेत वर्षानुवर्षं त्यांनी उर्दूतून इंग्रजी शिकवली. उर्दू गेली, तशी त्यांची खुर्चीही गेली. आता ओसरीवर चार-पाच मुलं येत, त्यातली मी एकटीच मुलगी. मास्तरांची बीबी आतून मला फुटाण्याची पुडी पाठवायची, दुकानातून आणलेली, दोरासुद्धा न सोडलेली. आमच्या घरच्यांना खटकू नये म्हणून ती एवढी काळजी घेत होती, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा मी आपली अधाशासारखी फुटाणे खायची आणि सालपटं मास्तरांच्या ओसरीवर टाकायची.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. इंग्रजीत दोन-तीन लहान शब्द जोडून जी क्रियापदं होतात, ती ते आठवड्याला एकच घेत. एकच! शाळेत बाई एका तासात वीस पाठ करून घ्यायच्या आणि आम्ही संध्याकाळपर्यंत एकवीस विसरायचो. मास्तर म्हणत, “एक हफ्ता उसकू घर में रख. उसके साथ खा, उसके साथ झाडू मार. फिर वो तेरा होता.” मग त्या क्रियापदाची दहा वाक्यं लिहून आणायची, तीही घरातली. पुस्तकातलं एक वाक्य दिसलं की ते आख्खं पान आडवं खोडत. “किताब का जुमला नक्को. किताबवाले का घर उसके पास, तेरा घर तेरे पास.” वाक्यांखाली ते लाल शाईनं उर्दूत एखाददुसरा शब्द लिहून अर्थ देत, कारण त्यांचा हात तसाच वळलेला होता. आणि दर रविवारी त्या पानावर वडिलांची सही पाहिजे. आबा रविवारी सकाळी न वाचता सही करत, तीही उर्दूत, कारण दुसऱ्या कुठल्या लिपीत त्यांना सही येतच नव्हती. माझ्या लेखी ती फक्त एक वळणदार रेघ होती. सही कुठल्या लिपीत आहे याचा विचार कोण पोर करतं?

‘लुक आफ्टर’चा आठवडा मी शेळ्यांवर काढला. ‘रन आउट ऑफ’च्या आठवड्यात घरात काय काय संपतं ते लिहिलं, मीठ, घासलेट, मायचा धीर, आणि मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी बोलभांड होते, वाक्यांना तोटा नव्हता. मग ‘पुट अप विथ’ आलं.

“पुट म्हणजे रखना, अप म्हणजे ऊपर, विथ म्हणजे साथ,” मास्तर म्हणाले. “तीनों जोड के बैठेगी तो कुछ हाथ नहीं आने का. इसका मतलब है बर्दाश्त करना. चालवून घेणे.” पण तेवढ्यावर सोडतील ते मास्तर कसले! चालवून घेणे म्हणजे काय काय, यावर त्यांनी अख्खी संध्याकाळ घालवली. पाहुणा उठायचं नाव घेत नाही, पुट अप विथ. शेजारचा कोंबडा अवेळी आरवतो, पुट अप विथ. खाटेतले ढेकूण, पुट अप विथ. पण घरात कुणी गेलं तर तिथं हे क्रियापद चालत नाही, तिथं वेगळे शब्द. “इसमें दो चीज होना. एक तकलीफ. और दूसरी, तेरे पास मुंह था, तू बोल सकती थी, और नहीं बोली.” मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “मजे की बात बोलूँ? अंग्रेज लोग इसकू ज्यादा करके ‘नॉट’ के साथ बोलते. आय विल नॉट पुट अप विथ इट. हम लोग बगैर नॉट के.” बाकीची मुलं हसली. मीही हसले. पुढं तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवली आणि दर वर्षी या क्रियापदाशी आले की मास्तरांचं हे वाक्य मुलींना सांगितलं. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. ते उतरवून घ्यायचं नसतं, हे मी त्यांना कसं सांगणार?

आता गोदाआत्याचं सांगायला पाहिजे, कारण त्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं. आत्या म्हणजे आबांची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी. तिला सिल्लोडला दिली होती, कापसाची आडत असलेल्या घरी. लग्नाला तीन वर्षं झाली होती. दिवाळीला माहेरी आली ती परत जायचं नाव काढीना. कारण विचारलं तर सांगेना. नुसती खोकायची. माय तिला अडुळशाचा काढा द्यायची आणि म्हणायची, “हवा बदलली का असं हुतंच. आता सासरी गेल्याव बरं वाटंल.” माय वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, ननंद घरात बसली तर उद्या माझ्या शांतीला, म्हणजे मला, कोण करून घेईल. विहिरीवर बायका विचारायला लागल्या होत्याच. दोनदा सिल्लोडहून निरोप आला. शेवटी आबांनी शब्द दिला, येत्या रविवारी या, पुरणपोळी खा, आणि पोरीला घेऊन जा. रविवारी आत्याचा सासरा स्वतः येणार होता.

ती का जात नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आमचाही थोडा कापूस असायचा. वेचणी झाली की ओसरीच्या कोपऱ्यात ढीग लागायचा आणि आम्ही पोरं त्यात लोळायचो. त्या वर्षी मी आत्याला हाताला धरून ढिगाकडं ओढलं, तर तिचा हात थंडगार पडला आणि कपाळावर घाम फुटला. मी वेड्यासारखी हसायला लागले. मग तिनं मला परसात बोरीखाली नेलं आणि शेंगा सोलता सोलता सांगितलं. सिल्लोडच्या घरात कापसाची खोली आहे. तिला वर एक झरोका, बाकी काही नाही. भाकरी करपली, उलट बोललं, एकदा तर शेजारणीच्या बोलण्यावर हसली म्हणून, सासू तिला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावते. सकाळी घातली की दिवेलागणीला काढते. आत कापूस गच्च, श्वास घ्यायला गेलं की तूस नाकातोंडात जातं. नवऱ्याला माहीत आहे. तो आडतीवरून येतो, कडी बघतो आणि हातपाय धुवायला जातो. एवढं सांगून आत्यानं माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला. “माझ्या गळ्याची आण हाय शांते. दादाला सांगायचं नाय. वैनीला नाय. त्यास्नी कळलं तरी काय करतील? नुसता जिवाला घोर.” मी आण घेतली.

आता माझी दहा वाक्यं. सात पटापट झाली. वुई पुट अप विथ द ब्लॅक गोट. माय मदर पुट्स अप विथ माय फादर्स बिडी. माय फादर पुट्स अप विथ द न्यू साहेब. अशी. आठव्यापाशी अडले. शनिवारी द्यायची होती आणि घरातलं चालवून घेण्यासारखं सगळं संपलं होतं. मी चुलीपुढं बसले होते, आत्या भाकरी थापत होती आणि खोकत होती. मी लिहिलं, माय आण्ट पुट्स अप विथ द कॉटन रूम. पुढचं लिहिलं, शी पुट्स अप विथ द लॉक्ड डोअर. दहावं, शी पुट्स अप विथ द कॉटन इन हर माउथ. लिहिताना मला जराही भीती वाटली नाही. उलट चांगली दहा झाली म्हणून हुश्श वाटलं. इंग्रजीत सांगितलेलं म्हणजे सांगितलेलं नव्हेच, असा माझा पक्का समज होता. आमच्या घरात इंग्रजी कोण वाचणार होतं? आत्यानं विचारलंसुद्धा, “काय लिवती गं एवढं?” मी म्हटलं, “अभ्यास.”

शनिवारी मास्तरांनी वही घेतली. शेळीला हसले, बिडीला हसले, नव्या साहेबाला तर मांडीवर थाप मारून हसले. मग आठव्या वाक्यावर आले आणि त्यांचं हसू थांबलं. दहावं वाचून त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला. बाकीच्या मुलांना म्हणाले, आज छुट्टी. मुलं उधळली.

“बेटा, ये कॉटन रूम क्या है?”

मी सांगितलं. वाक्यं माझी होती आणि ती मास्तर विचारत होते. त्यात आण मोडते असं माझ्या मनातही आलं नाही.

“और किवाड? किवाड कौन लगाता?”

“तिची सासू. बाहेरून.”

मास्तरांनी बराच वेळ दौतीत टाक बुडवून ठेवला. मग माझ्या वाक्यांखाली लाल शाईनं लिहायला लागले. एरवी एखादा शब्द, त्या दिवशी चार ओळी लिहिल्या. मधेच थांबले, बोळाकडं बघितलं, परत लिहिलं. आज मला त्यांच्या त्या थांबण्याचा अर्थ कळतो. दिवस कसे होते! दोन्हीकडच्या माणसांच्या मनात गाठी होत्या. एका मुसलमान मास्तरानं हिंदूच्या घरातल्या बाईविषयी लिहायचं, तेही तिच्या भावाला, म्हणजे हातानं निखारा उचलायचा. त्यांनी तो उचलला. आणि उचलला तोही केवढ्या शहाणपणानं! आमच्या घरात जी लिपी फक्त आबांना वाचता येत होती, तिच्यात लिहिलं, म्हणजे वाचून आबांना गप्प बसायचं असतं तर ते बसू शकले असते आणि कुणाला कळलंही नसतं. वही मिटून माझ्या हातात देत ते म्हणाले, “इतवार को दस्तखत लेना. सवेरेच. भूलना नक्को.” थोड्या वेळानं आबा सायकल घेऊन आले. मास्तर त्यांना चहा घ्या म्हणाले नाहीत, उठून नुसते आत गेले.

रविवारी घरात पहाटेपासून घाई. डाळ शिजल्याचा वास, पाट्यावर पुरण वाटायचा घरघर आवाज, येसराच्या आमटीची फोडणी. पाट्याशी आत्याच बसली होती. आपल्याला न्यायला येणाऱ्या माणसासाठी ती पुरण वाटत होती, आणि मधूनमधून तोंडाला पदर लावून खोकत होती. तिचं लुगड्याचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं. आबा अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. मी वही आणि दौत-टाक नेला. त्यांनी साबणाचे हात पुसले, वही मांडीवर घेतली, टाक बुडवला आणि सहीसाठी खाली बघितलं. तिथंच ते थांबले.

माझ्या डोळ्यांसमोर आजही ते तसेच आहेत, अर्ध्या गालाला साबण, हातात टाक. त्यांचे ओठ हलायला लागले. आधी हळू, मग सराईत. वर्षानुवर्षं न वाचलेली भाषा ते असे वाचत होते की जणू कालच माळ्यावर टाकली होती. शेवटी त्यांचा आवाज फुटला आणि मला ऐकू आलं. “भाईसाहब, आपकी बहन को जिस कमरे में बंद किया जाता है, उसका हाल आपकी बेटी ने लिखा है. मैंने बर्दाश्त का मतलब समझाया था. यह बर्दाश्त करने की चीज नहीं. आगे आप मालिक हैं.”

आबांना उर्दू येतं! मी जन्मापासून ज्या माणसाच्या घरात वाढले, त्याला उर्दू येतं हे मी साफ विसरले होते. नव्या साहेबापुढं मान खाली घालून बसणारा, इंग्रजीत आंधळा, एवढाच बाप माझ्या डोक्यात उरला होता. मला रडू फुटलं. आण मोडली म्हणून रडले, भीतीनं रडले, आणि लाजेनंही रडले.

“वरचं तू लिव्हलंस?”

“व्हय.”

“खरं हाय?”

“मला आण घातली होती आबा.”

आबा साबणाच्या तोंडानंच उठून आत गेले. पाट्यापुढं उकिडवे बसले. मायनं विचारलं, “काय झालं?” त्यांनी ऐकलंच नाही. “गोदे,” ते म्हणाले, “कापसाच्या खोलीचं काय हाय?”

आत्यानं वर बघितलं, पण त्यांच्याकडं नाही, दारातल्या माझ्याकडं. त्या नजरेनं मी तिथल्या तिथं मेले. मग तिनं मान खाली घातली आणि वरवंटा परत चालवायला घेतला. “काय नाय दादा. पोरगी कायबी लिवती. लई शिकली ना.” आणि खोकली. आबा तसेच बसून राहिले. त्यांनी शब्द दिला होता, पाहुणा वाटेवर होता आणि बहीण स्वतः नाही म्हणत होती. सुटायचं म्हटलं असतं तर त्यांना सुटता आलं असतं. मायनं तर सुटकेचा श्वास टाकला, “बघा. उगं सणासारख्या दिवशी.” आबा उठले, बाहेर आले आणि राहिलेली अर्धी दाढी केली. सही मात्र केली नाही.

पाहुणा सर्व्हिसच्या मोटारीनं आला. अंगानं भरलेला, पांढराशुभ्र फेटा, बोलायला गोड. पाय धुतले, पानावर बसला. माय वाढत होती, आबा शेजारी बसून आग्रह करत होते. मला काही सुचेना. मी भिंतीला चिकटून उभी. आता जेवण होणार, ओटी भरणार आणि आत्या जाणार. आणि ती जाईल ती माझ्यावर तोंड टाकून जाईल, एवढंच मनात येत होतं.

“इवाई,” आबा तूप वाढत म्हणाले, “औंदा कापूस कसा काय?”

“लई. ठेवाया जागा नाय.”

“तुमची खोली हाय ना मोठी?”

पाहुणा खुलला. कापसाच्या गोष्टीत त्याला रस होताच. खोली कशी बांधली, किती मावतं, झरोका एकच का ठेवला, तर ओल आत जाऊ नये म्हणून. “पर तूस लई बगा,” तो पोळी मोडत म्हणाला. “हमाल गडीसुदिक तोंडाला फडकं बांधल्याबिगर आत जात नाय. घटकाभर राहिलं तर माणूस घुसमटून बाहेर येतं.”

आबांनी तुपाची वाटी खाली ठेवली.

“मंग आमच्या गोदीनं सकाळधरनं दिवेलागणीपावतर कसं ऱ्हायचं म्हणता?”

पाहुण्याचा घास हातातच राहिला. चुलीवरची पोळी करपल्याचा वास आला आणि माय ती काढायला हलली नाही. मग पाहुणा हसला. “बायकांचं बायका बघतात, पाटील. आपण मधी कशाला पडावं? आन् पोरीच्या जातीनं थोडं चालवून घ्यावं की.” अगदी हेच शब्द. मला मास्तरांची ओसरी आठवली, कोंबडा आणि ढेकूण आठवले, आणि त्या माणसाचा इतका राग आला की तसा राग मला जन्मात फार कमी वेळा आला आहे.

आबा मात्र रागावले नाहीत. ते वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून म्हणाले, “गोदे, बाहेर ये.” आत्या दारात आली. सासऱ्यापुढं ती कधी अशी उभी राहिली नसेल. हात पुरणानं माखलेले, पदर कपाळापर्यंत ओढलेला. “तुला जायाचं का? मी दिलेला शब्द सोड. त्याचं मी बघून घेतो. तू सांग.”

कुणी असं विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, दिवाळीनंतर निरोप आले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तिनं आधी मायकडं बघितलं. मायनं डोळे खाली घातले.

“नाय,” आत्या म्हणाली.

खोकल्यात अर्धवट निघालेला शब्द होता, पण सगळ्यांना ऐकू आला. पाहुणा पानावरून उठला. काय काय बोलला ते इथं लिहीत नाही. पोरगी नांदवायची नाही, तुमच्या दारात कोण येतं बघतो, असलं सगळं. आबा त्याला हात धुवायला पाणी देऊन, मोटारीच्या थांब्यापर्यंत पोचवून आले. बोलणी खाऊन आले असतील, पण ते कधी बोलले नाहीत. पुढं विहिरीवर मायलाही खूप ऐकून घ्यावं लागलं, आणि माझ्या लग्नाला उशीर झाला तो झालाच. माय कधीमधी तोंडावर आणायची. पण आत्याला तिनं एकदाही जा म्हटलं नाही, हे सांगायलाच हवं.

दुपार कलली होती. करपलेली पोळी तव्यावर तशीच. मी परसात बोरीखाली जाऊन बसले होते, कारण घरात तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आत्याच मला शोधत आली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. मी म्हटलं, “आत्या, चुकले. मला वाटलं इंग्रजी कुणाला कळत नाय.” ती मला हाताला धरून घरात घेऊन गेली. आबा आणि माय ओसरीवर बसले होते, मधे ती वही पडलेली. आत्या माझ्याजवळ टेकली. तिला एकही लिपी येत नव्हती.

“माझं कुठलं त्यातलं?”

मी बोट ठेवलं. आठवं, नववं, दहावं.

“वाच.”

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं. तिनं त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“एवढंच?” ती म्हणाली. “तीन वरसं, आन् एवढ्यात मावलं व्हय गं?”

मी रडायला लागले. ती रडली नाही. “रडू नगं. टाक घे. पुढलं मी सांगते, तू लिव्ह.” आणि सांगायला लागली, पहिल्या दिवसापासून, ती कुठल्या पायरीवर बसली होती, सासूनं काय म्हटलं, कडीचा आवाज कसा होता. मी इंग्रजीत सुरुवात केली, पण दुसऱ्याच वाक्याला माझी इंग्रजी संपली. मग मी मराठीत लिहीत गेले. बायकांचं असलं काही निघालं की आमच्याकडं पुरुष माणूस खाकरून उठून बाहेर जातो. माय सारखी आबांकडं बघत होती. आत्या सांगत राहिली, आणि आबा उठले नाहीत.